गुण दिसायलाही मेहनत लागते

‘हुशार आहे हो तो, पण अभ्यासच करत नाही.’ ‘ती मेहनती आहे, पण मुळात तेवढी चमक नाही.’ शाळेच्या ओपन डेला, क्लासच्या जिन्यात, सोसायटीच्या गेटवर ही दोन वाक्यं आपण सर्रास बोलतो आणि बहुतेक वेळा मुलांच्या देखत बोलतो. पहिलं कौतुकाने, दुसरं सहानुभूतीने. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. गळा, बुद्धी, हात-पाय जे काही मिळायचं ते जन्मतःच मिळतं आणि ज्यांना ते मिळालं नाही त्यांनी मेहनत करून भरपाई करायची. ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ असं म्हणून आपण त्या समजुतीवर शिक्कामोर्तबही करतो.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरी हा प्रश्न पैशांच्या आणि वेळेच्या हिशेबात उभा राहतो. क्रिकेटची अकादमी लावायची की गणिताचा क्लास? तबला चालू ठेवायचा की दहावीपुरता बंद करायचा? निर्णय अडतो तो एकाच ठिकाणी: ‘याच्यात काही आहे का?’ हा लेख असा प्रश्न पडलेल्या आईवडिलांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. पस्तिशी-चाळिशीत ‘आपल्यात ते नव्हतंच’ म्हणून एखादी गोष्ट सोडून बसलेल्यांसाठीही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणसामाणसांत उपजत फरक असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मेहनत करण्याआधी ते ओळखता येतील असं माप कुणाजवळ नाही. गुण दिसायलाच मेहनत लागते, मुलाची आणि त्याच्याकडे पाहणाऱ्याची. म्हणून ‘आहे की नाही’ हे आधी ठरवून मग कामाला लागण्याचा क्रम उलटा आहे.

बोरिवलीच्या एका शाळेतली दोन मुलं

बोरिवलीच्या गोराई भागातल्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये दिनेश लाड या प्रशिक्षकांनी अनेक वर्षं शाळेचे क्रिकेट संघ घडवले. २०२२ साली त्यांना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोन मुलांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत.

पहिला रोहित शर्मा. आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे आणि रोहित बोरिवलीला आजी-आजोबा व काकांकडे वाढत होता. १९९९ च्या सुमारास, काकांनी पैसे भरून पाठवलेल्या शिबिरामुळे तो लाड सरांच्या नजरेत आला, पण ऑफस्पिन टाकणारा मुलगा म्हणून. सरांनी त्याला आपल्या शाळेत यायला सांगितलं. महिन्याची २७५ रुपये फी घरच्यांना झेपणारी नव्हती. सरांनी शाळेच्या संचालकांकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली. पुढे काही काळ रोहित संघात गोलंदाजच होता, फलंदाजीला आठव्या क्रमांकावर जायचा. एक दिवस शाळेच्या दारापाशी एक मुलगा नॉकिंग करताना सरांना दिसला. बॅट सरळ येत होती. जवळ जाऊन पाहिलं, तर तो आपलाच ऑफस्पिनर. सरांनी त्याला वरच्या क्रमांकावर पाठवायला सुरुवात केली आणि सलामीला उतरल्यावर त्याने शालेय स्पर्धेत शतक काढलं.

आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत तीन द्विशतकं काढणारा तो जगातला एकमेव पुरुष फलंदाज ठरला. १३ नोव्हेंबर २०१४ ला ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध काढलेल्या २६४ धावा हा विक्रम आहे. अशा माणसाची फलंदाजी रोज मैदानात उभ्या असलेल्या जाणकार प्रशिक्षकालाही काही काळ दिसली नव्हती. पाळण्यातले पाय राहू द्या, नेटमधली बॅटसुद्धा लगेच दिसत नाही.

दुसरा शार्दूल ठाकूर. हा पालघरचा. आपल्या शाळेकडून खेळताना त्याने लाड सरांच्याच संघाविरुद्ध धावाही काढल्या आणि बळीही घेतले. सरांनी त्याला बोरिवलीला बोलावलं, पण रोजच्या प्रवासाचं काय? तेव्हा लोकल विरारलाच संपायची, ती डहाणूपर्यंत गेली २०१३ मध्ये. मुलाने शाळा, सराव आणि गाडी यांचा मेळ घालायचा कसा, ही वडिलांची काळजी रास्त होती. त्यावर सरांनी शार्दूलला बोरिवलीच्या स्वतःच्या घरी राहायला आणलं. पुढे याच शाळेकडून हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले.

शार्दूलचं कसोटी पदार्पण ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला झालं. दहा चेंडू टाकले, दुखापत झाली, त्याच्यापुरता सामना संपला. दुसरी कसोटी मिळाली ती सव्वादोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला. तिथे त्याने सामन्यात सात बळी घेतले आणि पहिल्या डावात संघ अडचणीत असताना ६७ धावा काढल्या. भारताने ती कसोटी आणि मालिका जिंकली.

लोकांनी या दोघांची वाटणी केव्हाच करून टाकली आहे. रोहित म्हणजे टॅलेंट आणि शार्दूल म्हणजे कष्ट. पण एका षटकात सहा षटकार निव्वळ घाम गाळून मारता येत नाहीत आणि शाळेतला आठव्या क्रमांकाचा गोलंदाज निव्वळ देणगीच्या जोरावर सलामीवीर होत नाही. दोघांच्याही गोष्टीत तीन गोष्टी सारख्या आहेत. कुणीतरी लक्ष देऊन पाहिलं, खेळायची संधी दिली आणि पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त होत जाणारा सराव झाला. ‘टॅलेंट की मेहनत’ या वादात या तिन्हींची नावंच येत नाहीत.

शिक्का दोघांनाही जड जातो

‘टॅलेंट’ हा शब्द रोहितच्या इतका मागे लागला की तो टोमणा होऊन बसला. २००७ मध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. २०११ च्या विश्वचषक संघात त्याला जागा मिळाली नाही आणि त्या वर्षी २ एप्रिलला भारताने तो चषक त्याच्याच शहरात, वानखेडेवर उचलला. ‘एवढी देणगी असून वाया घालवतो’ हे वाक्य तेव्हा चहाच्या टपरीपासून समालोचनापर्यंत ऐकू येत होतं. २०१३ मध्ये तो एकदिवसीय संघात सलामीला स्थिरावला. पहिली कसोटीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळाली आणि तिच्यात त्याने १७७ धावा केल्या. पण कसोटीत सलामीला जायला २०१९ साल उजाडलं. परदेशातलं पहिलं कसोटी शतक २०२१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर आलं. त्या दौऱ्यात त्याच्या फटक्यांपेक्षा त्याने ऑफस्टंपबाहेर सोडून दिलेले चेंडू जाणकारांच्या जास्त लक्षात राहिले. ज्याला सगळे फटके येतात त्याने ते आवरायला शिकणं हे कमी कष्टाचं काम नाही. आपण गोलंदाज म्हणून सुरुवात केली आणि फलंदाजी मेहनतीने मिळवली, असं त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे.

घरातही हेच घडतं. ज्याला ‘हुशार’ ठरवलं, तो चूक लपवायला शिकतो, कारण चूक दिसली तर हुशारी खोटी ठरेल. अवघड गणित तो सोडवायला घेत नाही. ज्याला ‘मेहनती पण बेताचा’ ठरवलं, तो एका मर्यादेपुढे जाण्याची आशाच सोडतो.

कोलंबिया विद्यापीठात क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, काहींना ‘तू खूप प्रयत्न केलेस’ असं. नंतर काम निवडायला सांगितल्यावर प्रयत्नांचं कौतुक झालेल्या मुलांनी ज्यातून शिकायला मिळेल असं अवघड काम अधिक संख्येने निवडलं. अवघड कोडी चुकल्यावरही ती जास्त टिकून राहिली. ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांमध्ये आपले गुण वाढवून सांगणारी मुलंही जास्त निघाली. नंतरच्या अभ्यासांत अशा उपायांचा परिणाम सुरुवातीला वाटला तेवढा मोठा दिसला नाही, त्यामुळे नुसतं कौतुकाचं वाक्य बदलून मुलगा बोर्डात येईल असं समजू नये. पण शब्द फुकट आहेत, मग ते चांगले का वापरू नयेत?

उदाहरणार्थ, ‘वा, किती हुशार!’ याऐवजी ‘काल हे उदाहरण अडलं होतं, आज कसं सुटलं?’ असं विचारा. उत्तर देताना मूल स्वतःची पद्धत स्वतःलाच सांगतं आणि पुढच्या वेळी तीच वापरतं. मात्र खोटं कौतुक नको. प्रयत्न केलेच नसतील तर ‘छान प्रयत्न’ म्हणू नका. मुलांना ते लगेच कळतं.

दहा हजार तासांचं खूळ

आता दुसरं टोक. ‘दहा हजार तास घासलं की कुणीही काहीही होऊ शकतो’ असं सांगणारे व्याख्याते आणि क्लास आपल्याकडे भरपूर आहेत. या आकड्याचं मूळ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकाने तो आकडा जगभर नेला आणि सरासरीचा नियम झाला. एरिक्सन यांनी नंतर स्वतःच स्पष्ट केलं की त्या उत्तम गटातल्या अनेकांचे तास त्याहून कमी होते. शिवाय त्यांचा भर तासांपेक्षा सरावाच्या प्रकारावर होता. नेमकं जे येत नाही तेच घ्यायचं, शिक्षकाच्या नजरेखाली घ्यायचं आणि चूक लगेच दुरुस्त करायची.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ही उत्तम वादक मंडळी सलग दिवसभर रियाज करत नव्हती. तास-दीड तासाची बैठक, मग विश्रांती, दुपारी डुलकी आणि रात्री पुरेशी झोप असा त्यांचा दिवस असे.

ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. लोकांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला बुद्धिबळासारख्या खेळांत सुमारे २६ टक्के, संगीतात २१ टक्के आणि मैदानी खेळांत १८ टक्के भाग सरावाने समजावून देता आला. शालेय शिक्षणात तो ४ टक्केच होता. उरलेल्या भागात उपजत क्षमता आली, सुरुवातीचं वय आलं, शिक्षक आले, तब्येत, घर, संधी, नशीबही आलं. हे आकडे माणसांमधल्या फरकांचे आहेत. तुमच्या मुलाला सरावाने किती सुधारता येईल याचं ते माप नव्हे. सरावाशिवाय कुणी पुढे जातं असं त्यातून निघत नाही आणि सराव केला की सगळे सारखे होतात असंही निघत नाही.

तेव्हा मुलाला ‘तू ठरवलंस तर काहीही होऊ शकतोस’ असं सांगू नका. ते खरं नाही आणि अपयश आलं की त्याचा सगळा दोष त्याच्याच माथी येतो. ‘आज आहेस त्यापेक्षा तू नक्की पुढे जाशील, किती ते करून पाहू’ एवढं सांगा. हे वाक्य खरं आहे.

तास मोजू नका, चुका मोजा

दहावीचं बीजगणित घेऊ. मुलगी रोज दोन तास बसते, सरावसंचातली सगळी उदाहरणं सोडवते आणि चाचणीत वर्गसमीकरणात गुण घालवते. घरचे म्हणतात, अजून तास वाढव. त्याऐवजी चार पेपर समोर ठेवून चुका बघा. बहुधा दिसेल की सूत्र तिला पाठ आहे, पण विवेचकाची किंमत काढताना स्थिरपद ऋण असलं की दोन वजा चिन्हांचं अधिक करायला ती विसरते. चूक एकच, चार वेळा झालेली. त्यावर उपाय दोन तासांचा नाही, वीस मिनिटांचा आहे. स्थिरपद ऋण असलेली आठ-दहा समीकरणं घ्यायची, चिन्हाची पायरी वेगळ्या ओळीत लिहायची, तीन दिवसांनी पुन्हा त्याच प्रकारची दोन सोडवायची.

यासाठी एक चुकांची वही करा. तीन रकाने पुरेत: काय चुकलं, का चुकलं, पुन्हा कधी सोडवायचं. ‘का’च्या रकान्यात ‘दुर्लक्ष झालं’ असं लिहायला मनाई करा, ते कारण नव्हे. संकल्पना समजली नव्हती, चिन्ह चुकलं, प्रश्न अर्धाच वाचला, वेळ पुरला नाही, यापैकी एक लिहायचं. महिनाभरात त्या वहीतून जे कळेल ते कुठल्याही कलचाचणीपेक्षा उपयोगी असेल.

दुसरी सवय पुस्तक मिटण्याची. अधोरेखित केलेली पानं पुन्हा पुन्हा वाचली की आपल्याला येतंय असं वाटतं, पण ती ओळख असते, स्मरण नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत बाजी मारली. आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारेच पुढे निघाले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, मार्चमध्ये असते. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून राहिलेलं भरायचं.

तिसरी गोष्ट, प्रकरणं मिसळा. एकाच प्रकारची तीस उदाहरणं ओळीने सोडवली की पंधराव्यापासून हात चालतो, डोकं थांबतं. पाठ्यपुस्तकात प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह दिलेला असतो, तो नेमका याचसाठी असतो आणि वेळ नाही म्हणून नेमका तोच राहतो. आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या प्रकरणांतली पाच उदाहरणं चिठ्ठ्या टाकून काढा.

हीच रीत मैदानात आणि तबल्यावरही लागू पडते. कायदा वाजवताना ‘तिरकिट’वर हात अडखळत असेल तर अख्खा कायदा वीस वेळा वाजवू नये. तेवढाच तुकडा ठाय लयीत घ्यावा, बोल सुटे ऐकू येऊ लागले की लय थोडी वाढवावी. नेटमध्ये शंभर चेंडू मारण्यापेक्षा ऑफस्टंपबाहेरचे तीस चेंडू टाकून घ्यावेत आणि किती योग्य सोडले ते मोजावं. मुंबईच्या क्रिकेटने ही शिस्त फार पूर्वी ओळखली होती. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात होते. ओली खेळपट्टी, चिखलाचं मैदान, चेंडू कधी उसळणारा तर कधी थबकणारा. तिथे काढलेल्या तीस धावांचं मोल इतरत्रच्या शतकाएवढं मानलं जायचं. अडचण थोडी जास्त ठेवली की कौशल्य पक्कं होतं, हे त्यामागचं शहाणपण आहे.

मेहनतीलाही जागा लागते

‘त्याने केलं, मग तुला का जमत नाही?’ असं विचारण्याआधी त्याच्या आणि आपल्या मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडा.

सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची तुलना आपल्याकडे घरोघर होते. एक मेहनतीचा पुतळा आणि दुसरा वाया गेलेली देणगी, असा धडा मुलांना दिला जातो. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर या दोघांनी शारदाश्रम शाळेकडून ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. सचिन वांद्र्याचा, पण सरावाला वेळ मिळावा म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहायला गेला. कांबळी कांजूरमार्गहून किट घेऊन गर्दीच्या लोकलने यायचा. पुढे कांबळी १७ कसोटी खेळला, दोन द्विशतकांसह चार शतकं काढली आणि ५४.२० ची सरासरी राखली. शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. कसोटीत अशी सरासरी कष्टाशिवाय येत नाही. माणसाच्या आयुष्याला पुढे कुठली वळणं मिळतात, त्याची कारणं बाहेरून दिसत नाहीत. एका जिवंत माणसाला मुलांसमोर धोक्याची पाटी म्हणून उभं करणं आपण थांबवायला हवं. त्या दोन मुलांच्या गोष्टीतून पालकांनी घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. एकाला घर मैदानाजवळ मिळालं, दुसऱ्याची ताकद रोज गाडीत खर्च होत होती.

उपनगरातल्या पालकांनी म्हणून आधी अंतर कमी करावं. नावाजलेली अकादमी दीड तासावर असेल आणि बरी शिकवणारी पंधरा मिनिटांवर, तर चौदा वर्षांखालच्या मुलासाठी दुसरी निवडा. वाचलेला वेळ झोपेला जाईल. सकाळी साडेपाचला उठणाऱ्या मुलाला रात्री अकरापर्यंत क्लासच्या गृहपाठावर बसवलं तर दोन्ही वाया जातात. घरात अभ्यासाला कोपरा नसेल तर जवळच्या वाचनालयाची किंवा पालिकेची अभ्यासिका शोधा. पोहणं शिकवायचं तर अंधेरी, कांदिवली, मुलुंड इथल्या पालिकेच्या तलावांची चौकशी आधी करा. फी जड जात असेल तर शाळेशी स्पष्ट बोला. २७५ रुपयांची फी माफ झाली, कारण कुणीतरी विचारायला गेलं. शिक्षकांनी आणि संस्थाचालकांनीही हे लक्षात ठेवावं, आपल्या एका शब्दाने एखाद्या मुलाची दहा वर्षं बदलतात.

आधार किती द्यायचा, यासाठी अजिंक्य रहाणेच्या घरचं उदाहरण घ्यावं. संगमनेर तालुक्यातल्या अश्वी खुर्दचं हे कुटुंब, वडील बेस्टमध्ये नोकरीला. डोंबिवलीत वाढलेला आणि पुढे मुलुंडला राहिलेला हा मुलगा आठेक वर्षांचा असताना सरावासाठी लोकलने एकटा जायला शिकला. वडील त्याला गाडीत बसवून द्यायचे आणि स्वतः दुसऱ्या डब्यातून त्याच्यावर लक्ष ठेवत जायचे, याला जमतंय अशी खात्री पटेपर्यंत. मोठेपणी ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद झाला तेव्हा पुढच्याच मेलबर्न कसोटीत कर्णधार म्हणून त्याने ११२ धावा काढल्या आणि मालिका फिरवली. मुलाची बॅग आपण उचलायची नाही, पण त्याला वाऱ्यावरही सोडायचं नाही. पालकांचं काम हे असं दुसऱ्या डब्यातलं आहे.

किती काळ थांबायचं?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. सूर्यकुमार यादव चेंबूरजवळच्या अणुशक्तीनगरात वाढला. मुंबईकडून प्रथम श्रेणी खेळायला लागल्यावर दहा वर्षांहून अधिक काळाने, मार्च २०२१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो भारताकडून पहिला सामना खेळला. अशी उदाहरणं धीर देतात, पण त्यांच्या आधारावर प्रत्येकाने तिशीपर्यंत वाट पाहावी असं म्हणता येत नाही. थांबलेल्या आणि न पोचलेल्या शेकडो मुलांची नावं आपल्याला माहीत नसतात.

म्हणून मुदत ठरवा. कुठलीही नवी गोष्ट किमान सहा महिने नियमित करू द्या आणि सहा महिन्यांनी मूल, पालक आणि शिक्षक एकत्र बसून तीन प्रश्न विचारा. सहा महिन्यांपूर्वी न येणारं आता काय येतं? कुणी न सांगता मूल याकडे वळतं का? चूक दाखवल्यावर चिडून न सोडता ते थोड्या वेळाने पुन्हा करून पाहतं का? तिन्ही उत्तरं नकारार्थी असतील तर आधी शिक्षक किंवा पद्धत बदला. तरीही तेच राहिलं तर ती गोष्ट छंद म्हणून ठेवा किंवा सोडा आणि सोडताना मुलाला हरल्यासारखं वाटू देऊ नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी असेल तर मात्र निकाल काहीही असोत, वाट पाहा. चुकीकडे परत जाण्याची तयारी हा सगळ्यात उशिरा फळणारा आणि सगळ्यात टिकाऊ गुण आहे.

सोडणं आणि वळणं यांतही फरक करा. रोहित क्रिकेट सोडून गेला नाही, ऑफस्पिनकडून फलंदाजीकडे वळला. गाणं जमत नसलेल्या मुलीला हार्मोनियम जमू शकते. पाठांतरात मागे असलेला मुलगा प्रयोगशाळेत पुढे असू शकतो. निर्णय घेण्याआधी शेजारची दोन दारं ठोठावून पाहा.

मोठ्यांनी स्वतःसाठी एवढंच करावं. लहानपणी मिळालेला शिक्का काढून टाकावा. ‘माझं गणित कच्चं’, ‘माझा आवाज नाही’, ‘मला इंग्रजी येणार नाही’ ही वाक्यं बहुतेकदा दहा-बारा वर्षांच्या मुलाबद्दल कुणीतरी घाईत बोललेली असतात. रोजच्या लोकल प्रवासातला अर्धा तास आणि चुकांची एक वही यांवर वर्षभरात काय होतं ते करून पाहावं. जगात पहिलं यायचं नसतं, कालच्या आपल्यापेक्षा पुढे जायचं असतं आणि तेवढं बहुतेकांना जमतं. आईवडील स्वतः काही नवं शिकताना, चुकताना आणि पुन्हा करताना दिसले तर मुलांना मेहनतीवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या ओपन डेला जाल तेव्हा ‘हुशार आहे का?’ असं विचारू नका. शिक्षकांना दोन प्रश्न विचारा: सध्या तो नेमका कुठे अडतो आणि त्यासाठी या महिन्यात आम्ही घरी काय करू? उत्तर वहीत लिहून आणा आणि त्याच दिवशी कामाला लागा.